हुमनाबाद ते माजाळी : चालत्या घराची आखणी

हुमनाबादवरून जाणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग हैदराबादला थांबत नाही. विजयवाड्यावरून तो पुढे मच्छलीपट्टणमला जातो आणि तिथे बंगालच्या उपसागराच्या काठी संपतो. म्हणजे आपल्या गावाच्या रस्त्याचे एक टोक समुद्रात बुडवलेलेच आहे. तरीही आपल्याकडे समुद्र न पाहिलेली माणसे घराघरांत सापडतील. नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर पश्चिमेला रत्नागिरीचा किनारा आणि पूर्वेला मच्छलीपट्टणम, दोन्ही सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या पुढे. दोन्ही समुद्रांपासून सारखेच दूर असे आपले गाव आहे. आपल्या यात्रा तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर, फार तर तिरुपतीपर्यंत. देवाला जायचे म्हटले की सुट्टी, पैसे, गाडी सगळे जमते. समुद्र मात्र कुणाच्या नवसात येत नाही, म्हणून राहून जातो.

आमच्या घरात तो राहून गेला आहे सासूबाईंचा. त्यांचे वय शहात्तर. माहेर आळंदकडचे, घरात कन्नड आणि शेजारात मराठी, त्यामुळे त्या देवाशी मराठीत आणि गुडघ्यांशी कन्नडमध्ये बोलतात. चालणे घरापुरते आहे. पण अडचण चालण्याची नाही. बसप्रवास म्हटला की आदल्या संध्याकाळपासून त्या पाणी सोडतात. "नीर कुडिद्र एल्लि होगोदु?" एवढाच त्यांचा सवाल असतो आणि त्याला उत्तर नसते. दोन वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका लग्नाहून येताना दिवसभर घोटभर पाण्यावर राहिल्या. रात्री घरी पोचल्यावर चक्कर आली आणि सलाईन लावावी लागली. डॉक्टरांनी विचारले, पाणी का प्यायला नाहीत? त्यांनी माझ्याकडे पाहिले. डॉक्टर पुरुष होते.

हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाचक भगिनींपैकी बहुतेकींनी हा उपास केलेला आहे. ढाब्यामागची, पंपावरची, स्थानकावरची ती खोली, तिचे न लागणारे दार, आणि जिथे गुडघे दुमडून बसता येत नाही अशी बैठक. प्रवासाची हौस यातच मरते. म्हणून जेव्हा मुलीने मोटरहोमचा विषय काढला, तेव्हा इतरांनी झोपायच्या जागा मोजल्या आणि मी फक्त एक गोष्ट विचारली, कमोड आहे का?

आहे. मोटरहोम किंवा कॅरव्हॅन म्हणजे मिनीबसच्या आकाराच्या गाडीत बसवलेले छोटे घर. दोन-तीन झोपायच्या जागा, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि दार लावता येईल असा संडास. परदेशातल्या मराठी कुटुंबांकडून आपण याची वर्णने ऐकत होतो. आता आपल्याकडेही सरकारांना यात रस वाटू लागला आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच वर्षी केरळने आपली योजना जाहीर केली आणि पुढच्या वर्षी वागमोनला अशा गाड्यांसाठी तळ उघडला.

नवे काही नाही, असे सासूबाईंचे मत पडले. त्यांच्या लहानपणी गाणगापूरला कमानीच्या बैलगाडीतून जात. खाली कडब्याचा थर, वर घोंगडी, मागे बांधलेली पातेली आणि चुलीसाठी तीन दगड वाटेत कुठेही. आपल्या भागात तर याहून मोठा इतिहास डोळ्यांसमोर आहे. लमाणांचे तांडे शेकडो बैलांवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरत. घर, गुरे, लेकरे सगळे बरोबर. लमाण हा शब्दच लवणावरून आला असे मानतात. किनाऱ्यावर पिकलेले मीठ घाट चढून आपल्या पठारावर येई ते त्यांच्या बैलांच्या पाठीवरून. आज आपल्या तालुक्यात ज्या तांड्यांवरून आपण मोटारीने जातो, त्यांच्या पूर्वजांना समुद्राची वाट पाठ होती. आम्ही निघालो आहोत ते त्याच वाटेने उलटे, मिठाच्या उगमाकडे. फरक इतकाच की बैलांना डिझेल लागत नसे.

मोटरहोम म्हटले की पहिला प्रश्न गाडीचा. विकत घेण्याची बातच नाही. भाड्याच्या गाड्या बेंगळूरु, पुणे, मुंबई, गोवा अशा ठिकाणी मिळतात. बेंगळूरुहून हुमनाबाद सहाशे किलोमीटरच्या वर, म्हणजे गाडी रिकामी येणार आणि रिकामी परत जाणार, आणि ते दोन्ही पैसे आमचेच. आमच्या ह्यांचा सल्ला असा की, कारने गोव्यापर्यंत जावे आणि गाडी तिथून घ्यावी. हिशेबाला ते बरोबर होते. पण मग सासूबाईंचे पाणी तुटणार ते नेमके गोव्यापर्यंतच्या रस्त्यात. ज्या दुखण्यासाठी औषध आणायचे, ते दुखणे संपल्यावर औषध घेऊन काय उपयोग?

मग गॅरेजवाल्यांनी सुचवले, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, सीटा काढा, आम्ही पलंग आणि संडास बसवून देतो, पंधरा दिवसांचे काम. ऐकायला सोपे वाटते, पण वाचकांनी या वाटेला जाऊ नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की नोंदणीच्या वेळी जी गाडी होती तिच्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हेच बजावले आहे. आरटीओची मंजुरी नसताना केलेल्या अशा गाडीला अपघात झाला तर विम्याचे काय होईल, याचा विचार करावा. शेवटी पुण्याची एक लहान गाडी ठरवली. पुणे-सोलापूर-हुमनाबाद हा सरळ महामार्ग असल्याने रिकामा फेरा बेंगळूरुपेक्षा स्वस्त पडतो. एसी नको म्हटले, कारण रात्रभर एसी चालवायचा तर बाहेरून वीज जोडावी लागते, आणि डिसेंबरात पंख्यावर भागते. चालक त्यांचाच.

आता कुठे जायचे? मुलीचे म्हणणे मच्छलीपट्टणम, कारण ते अंतर शंभरेक किलोमीटरने कमी आणि रस्ता एकच. सासूबाईंनी ते एका वाक्यात मोडीत काढले, "तिथं बोलायचं कुणाशी?" ही गोष्ट मला पटली. म्हातारी माणसे समुद्र बघायला जातात, पण दिवसाचे चोवीस तास समुद्र बघत नाहीत. बाकीच्या वेळात त्यांना कुणाच्या सुनेचे कसे चालले आहे हे विचारायचे असते.

म्हणून ठरले माजाळी. कारवारच्या उत्तरेला, काळी नदी ओलांडून पुढे गेले की राष्ट्रीय महामार्गावरचे हे कर्नाटकातले शेवटचे गाव. त्यापुढे गोव्याची हद्द आणि पोळें. माडांच्या राया, होड्या ओढून ठेवलेला किनारा, आणि टेकडी ओलांडून गेले की तीळमातीचा समुद्रकिनारा, जिथली वाळू नावाप्रमाणे तिळासारखी काळी. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे ते सासर आहे. तिकडे घरात कोकणी, शाळेत कन्नड आणि देवळातल्या भजनात मराठी. आपल्या वाचकांना हे अनोळखी वाटणार नाही. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आलो, ते मुंबई इलाख्यातून आले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोघेही एकाच राज्यात दाखल झालो. एकाच दिवशी एका घरात आलेल्या दोन सुना म्हणा. पण या दोघी एकमेकींच्या माहेरी कधी गेल्या नाहीत. कारवारचे लोक बीदरला बदलीची शिक्षा समजतात, आणि आपल्याकडे कारवार हे फक्त हवामानाच्या बातम्यांत ऐकू येते. तिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे ऐकून आपल्या तुरीवाल्या शेतकऱ्यांनी काय म्हणावे!

गाव ठरल्यावर मी आखणी शेवटाकडून सुरू केली. मोठा रस्ता कसाही पार होतो, अडते ते शेवटच्या दोनशे पावलांवर. किनाऱ्याकडच्या गावांत वाटा चिऱ्याच्या गडग्यांमधून जातात, त्या बैलगाडीच्या मापाच्या. मी विद्यार्थिनीला फोन केला. तिने दुसऱ्या दिवशी कापडी टेप घेऊन सगळी वाट मोजली आणि कळवले, "मॅडम, सगळ्यात अरुंद जागा नऊ फूट आहे, आणि फणसाची एक फांदी आडवी येते. फांदी सासऱ्यांना विचारून सांगते." आमची गाडी आरशांसकट साडेसात फूट रुंद, दहा फूट उंच. फांदीला परवानगी मिळाली. अंगण चिऱ्याचे आहे, तिथे गाडी उभी राहील आणि पंधरा अँपिअरचा प्लग खिडकीतून मिळेल. गाडी वाळूवर नेऊ नका, असे तिने दोनदा बजावले. चाके रुततात, आणि किनाऱ्यावर वाहन चालवणे नियमाला धरूनही नाही.

रस्ता आश्चर्य वाटावे इतका सरळ आहे. हुमनाबादहून ५० क्रमांकाच्या महामार्गाने कलबुर्गी, जेवर्गी, सिंदगी करत विजयपूर, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. विजयपूरहून ५२ क्रमांकाने हुबळी, यल्लापूर, आणि आरबैल घाट उतरून अंकोला. तिथून ६६ क्रमांकाने कारवार आणि माजाळी. एकूण सहाशेच्या आसपास. तीन महामार्गांत बयलुसीमे, मलेनाडू आणि करावळी तिन्ही पाहून होतात, तेही राज्याची हद्द न ओलांडता. वाटेत जेवर्गीच्या अलीकडे भीमा लागते, कोल्हारला कृष्णेचा लांबलचक पूल, मग घटप्रभा आणि मलप्रभा. या चौघीही आमच्या उलट्या दिशेने, पूर्वेच्या समुद्राकडे निघालेल्या. हुबळी-धारवाडच्या पलीकडे मात्र पाणी कूस बदलते. धारवाडजवळ उगम पावणारी बेडती पश्चिमेला वळते, खाली तिला गंगावळी म्हणतात आणि अंकोल्याजवळ ती समुद्राला मिळते. तिथून पुढे नदी आपल्या बरोबर चालते. भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक हा शब्द मुले पाठ करतात. त्यांना एकदा या रस्त्याने न्यावे.

तरुण मंडळी हे अंतर एका रात्रीत कापतील. आम्ही तीन दिवस घेणार आहोत आणि अंधारात एकही किलोमीटर चालणार नाही. पहिला मुक्काम विजयपूर, दुसरा यल्लापूर, घाट तिसऱ्या दिवशी उजेडात. चालत्या गाडीत पलंगावर झोपायचे नाही, सगळ्यांनी पट्टा बांधून बसायचे, शेगडी पेटवायची नाही आणि सिलिंडरची चावी बंद, हे चालकाने आधीच सांगितले. यल्लापूरचा मुक्काम मी हट्टाने ठेवला. तिथल्या जंगलपट्टीत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून शेकडो वर्षांपूर्वी आलेल्या पूर्वजांची ही माणसे आज कोकणी, मराठी, कन्नड बोलतात. वर्गात भाषेवर तास घेताना मी त्यांचे उदाहरण देते. उदाहरणाला एकदा नमस्कार करून यावा.

घाट आणि किनारा या दोन्हींबाबत सावध राहायला २०२४ साल पुरेसे आहे. त्या वर्षी १६ जुलैला अंकोल्याजवळ शिरूर येथे डोंगर महामार्गावर आला आणि माणसे गेली. तीन आठवड्यांत, ७ ऑगस्टच्या रात्री, कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल कोसळला आणि एक ट्रक पाण्यात गेला. माजाळीला जायचे तर काळी ओलांडावीच लागते. शेजारी नवा पूल होता म्हणून वाट तुटली नाही. तेव्हा पावसाळ्यात या बाजूला असली उंच, जड गाडी नेऊ नये. जून-जुलैत मासेमारीही बंद असते, बघायलाही फारसे काही नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या टोकाला फोन करून रस्ता विचारायचा, हे वहीत लिहून ठेवले आहे.

आता ज्या गोष्टीवरून घरात खरोखर वाद झाला ती सांगते. गाडीतल्या संडासाखाली सुटकेससारखी एक टाकी असते, वीसेक लिटरची. ती बाहेरून ओढून काढता येते. पाच माणसे असली तर दोन दिवसांत भरते. परदेशात ती रिकामी करायला जागोजागी सोय असते, आपल्याकडे नाही. मी फोनवर विचारले, ही कुठे ओतायची? समोरून सहज उत्तर आले, "त्याची काळजी करू नका. शंभर-दोनशे दिले की कुठल्याही गावात माणूस मिळतो."

माणूस मिळतो. कोणता माणूस मिळतो हे सांगायची गरज त्यालाही वाटली नाही आणि मलाही विचारावे लागले नाही. हाताने मैला साफ करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी ओतणे त्या कायद्यात बसते की नाही, हा वकिलांचा कीस मला पाडायचा नाही. बसवकल्याण आपल्यापासून हाकेवर आहे. कायकाची भाषणे आपण दरवर्षी ऐकतो, मी स्वतःही दिली आहेत. सासूबाईंना पाणी पिता यावे म्हणून गाडी घ्यायची आणि त्या पाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सासूच्या हातात द्यायचा, हे मला जमणार नव्हते. मी सांगितले, टाकी घरातलेच रिकामी करतील, नाहीतर गाडी नको.

दोन दिवस कुणी विषय काढला नाही. मुलगा म्हणाला, हॉटेलात राहू. ह्यांचे म्हणणे, आपण ओतायला हरकत नाही, पण लोक बघतील. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "पाच पोरांचं केलंय मी, आन् सासऱ्याचं अंथरुणावरचं बी. त्यात काय बघायचंय लोकांना?" त्यावर ह्यांनी वहीत पहिल्या दिवसापुढे स्वतःचे नाव लिहिले, मुलाने दुसऱ्यापुढे. मुलीला मी मुद्दाम वगळले. या घरात ते काम आतापर्यंत बायकांनीच केले आहे.

जागाही पक्क्या केल्या. विजयपूर आणि यल्लापूरला मुक्कामाच्या लॉजमध्ये एक-एक खोली घेतली आहे, झोपायला नव्हे, तिच्या संडासात टाकी ओतून धुण्यासाठी. मालकांना आधी विचारले. एकाने नकार दिला, म्हणून दुसरा शोधला. माजाळीत घरचा शोषखड्डा आहे. ओढा, नदी, समुद्र, रस्त्याकडेची झाडी यांत एक थेंबही नाही. टाकीत घालायचे औषधी द्रव असते, ते जपून वापरायचे, नाहीतर शोषखड्ड्याला बाधते.

जेवणाचे मात्र सोपे आहे. आपल्या बायकांनी हा प्रश्न मोटरहोमच्या आधीच सोडवला आहे. कडक रोट्ट्या पंधरा दिवस टिकतात. शेंगाचटणी, गुरेळ्ळूची चटणी, दही मिळेल तिथे घ्यायचे. पाच किलोचा सिलिंडर चहा, भात आणि सासूबाईंच्या आंघोळीच्या पाण्यापुरता. मुलाला बांगडे खायचे आहेत. ते त्याने विद्यार्थिनीच्या घरी खावेत, गाडीत शिजणार नाहीत, एवढेच.

राहिली तारीख. ती आम्ही पंचांगातून काढली, मुहूर्तासाठी नव्हे तर ओहोटीसाठी. कोकणातले लोक एक सोपा हिशेब सांगतात, तिथीला पाऊणने गुणले की साधारण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, तिच्यानंतर पुन्हा सहा तासांनी भरती. सासूबाईंना ओल्या, घट्ट वाळूवर उतरवायचे तर सकाळची ओहोटी हवी, उन्हे चढायच्या आधी. मोठी भरती असते त्या दिवसांत ओहोटीही लांब जाते, म्हणजे पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस. माणिकनगरच्या दत्तजयंतीचा उत्सव चुकवायचा नाही ही त्यांची अट होती, आणि ती मार्गशीर्ष पौर्णिमेची. प्रतिपदेला हुमनाबाद सोडायचे, द्वितीयेला यल्लापूर, तृतीयेला संध्याकाळी माजाळी. चतुर्थीला दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. देव आणि समुद्र यांचे वेळापत्रक इतके जुळेल असे वाटले नव्हते.

चतुर्थी म्हणजे संकष्टी. त्यांचा उपास असणार, पण पाण्याचा नाही, असे वचन मी घेतले आहे. चंद्रोदय रात्री नऊच्या सुमारास, आणि तो समुद्रावर होणार नाही, पाठीमागे सह्याद्रीच्या बाजूने होईल, हे त्यांना समजावून सांगावे लागले. पश्चिमेच्या समुद्रात चंद्र मावळतो. त्या सकाळी लवकर पोचलो आणि आकाश निवळ असले तर तोही दिसेल.

अंगणापासून वाळूपर्यंत दीडशे पावले आहेत. विद्यार्थिनीने चालून मोजली. दोघांनी हात धरून, मध्ये दोनदा थांबून. वाळूत प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय रुततात आणि बसलेले माणूस मागे कलंडते, म्हणून सुताराकडून दोन फूट बाय दोन फूट फळी करून घेतली आहे, खुर्चीखाली ठेवायला. ती गाडीत कुठे मावेल, ते अजून ठरायचे आहे.